पाक जळण्याच्या आधी: पऱ्हाटीतून रसायनं कशी निघतात

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तिळाच्या वड्यांचा पाक सासूबाईच करतात. गूळ विरघळतो, फेस चढतो, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते त्या बघतात आणि गोळी झाली की गॅस लगेच बंद. अर्धं मिनिट उशीर झाला तर वडी दगडासारखी होते, आणखी उशीर झाला तर कडवट लागते आणि त्यापुढे पातेलंच घासायला जातं. मी रसायनशास्त्र शिकवते. त्या पातेल्याकडे पाहताना मला दर वर्षी वाटतं, की कडवटपणाच्या जरा आधी या पाकात एक फार मोलाचा पदार्थ तयार होऊ लागलेला असतो आणि आपण त्याला ओलांडून जळण्यापर्यंत पोचतो.

त्याच आठवड्यात बडोद्याशेजारच्या पादऱ्याजवळ मामांच्या शेतात गेले होते. कपाशीची वेचणी संपली होती आणि पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या होत्या. इकडे त्यांना सांठी म्हणतात. शेतात उभ्या ठेवल्या तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा हजर होते, म्हणून त्या लवकर हलवाव्या लागतात. थोड्या चुलीला जातात, थोड्या सफेद कोळशाच्या कांड्या बनवणारे नेतात, उरलेल्या पेटवतात. मामांनी विचारलं, "अगं, तुम्ही लोक तेलापासून प्लास्टिक काढता, रंग काढता. या सांठीतून काहीच निघत नाही का?"

निघतं. पण ते 'निघतं' म्हणजे नेमकं काय आणि अजून कुठे अडलं आहे, हे बांधावर उभं राहून सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कुडाची भिंत

जुन्या घरांतली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना पऱ्हाटीची रचना समजायला वेळ लागणार नाही. काड्या उभ्या लावायच्या, त्या बांधून घ्यायच्या आणि वरून शेणमातीचं लिंपण द्यायचं. झाडाची भिंतही तशीच असते. काड्यांच्या जागी सेल्युलोज, कोरड्या वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के. बांधणीच्या जागी हेमिसेल्युलोज, २० ते ३० टक्के. आणि लिंपण म्हणजे लिग्निन, १५ ते ३० टक्के.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच. पोळीतल्या गव्हात, भातात, बटाट्यात जो स्टार्च असतो तोही ग्लुकोजच. मग पोळी पचते आणि काडी का पचत नाही? फरक दोन ग्लुकोज एकमेकांना कसे जोडलेत एवढाच आहे. स्टार्चमधल्या जोडणीने साखळीला वळण पडतं, ती चकलीसारखी गोल फिरते, पाणी तिच्यात सहज शिरतं, गरम केलं की फुगते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक ग्लुकोज शेजारच्याच्या उलट्या अंगावर बसतो, त्यामुळे साखळी सरळ, सपाट पट्टीसारखी राहते आणि अशा शेकडो पट्ट्या एकमेकींना चिकटून जुडी होते. खराट्याचा एक हीर कोणीही मोडेल, अख्खा खराटा मोडून बघा. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम करतात, तेही निवांत, रवंथ करत करत.

आता एक आकडा, जो मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी वाटतो. ग्लुकोजच्या वजनातला ५३ टक्के भाग ऑक्सिजन असतो. खनिज तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. त्यामुळे तेलापासून रसायन बनवताना नेमक्या जागी ऑक्सिजन चिकटवत बसावं लागतं. झाडाच्या बाबतीत काम उलटं असतं. ऑक्सिजन जरुरीपेक्षा जास्तच असतो आणि तो हवा तेवढा, हव्या त्या जागेवरून काढायचा असतो. सगळा कार्बन ऑक्सिजनशी जुळवून टाकला की राहतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, म्हणजे मामांच्या बांधावरचा जाळ. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी थांबायचं आहे. तोडणं अवघड आहेच, पण थांबणं जास्त अवघड आहे.

आम्लाची वाट

हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये कापडाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर मिळवली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच वाट सापडली होती. आम्ल ग्लुकोजच्या जोडणीतल्या ऑक्सिजनला आपला प्रोटॉन, म्हणजे धनभार असलेला हायड्रोजन, देतं, जोडणी सैल होते, पाण्याचा रेणू मध्ये घुसतो आणि साखळी तुटते. प्रोटॉन शेवटी परत मोकळा होतो. उत्प्रेरक म्हणतात तो हाच. क्रियेत भाग घेतो, तिला वेग देतो आणि स्वतः खर्च होत नाही.

खर्च होत नाही, पण हरवतो. सल्फ्युरिक आम्ल साखरेच्या पाण्यात पूर्ण मिसळलेलं असतं, ते गाळून वेगळं काढता येत नाही. चुना घालून मारावं लागतं. १०० किलो आम्ल चुन्याने मारलं की साधारण १७५ किलो जिप्समचा चिखल हातात येतो. भांडी गंजतात ती वेगळीच.

तरी या वाटेवर एक मोठा उद्योग उभा राहिला. क्वेकर ओट्स या अमेरिकी कंपनीकडे ओटच्या तुसाचे ढीग पडत. १९२२ च्या सुमारास त्यांनी आयोवातल्या सीडर रॅपिड्सला त्या तुसापासून फरफ्युराल बनवायला सुरुवात केली. हेमिसेल्युलोजमध्ये झायलोज नावाची पाच कार्बनांची साखर असते, तिच्यातून पाण्याचे तीन रेणू निघाले की फरफ्युराल होतं. आजही ते मुख्यतः मक्याची दाणे काढलेली कणसं आणि उसाच्या चिपाडापासून, आम्ल आणि वाफ वापरूनच काढतात. ल्युब ऑइल शुद्ध करायला ते लागतं, पण त्याचा सगळ्यात मोठा भाग फरफ्युरिल अल्कोहोल बनवायला जातो. ओतकामाच्या कारखान्यांत वाळूचे साचे घट्ट धरणारं रेझिन त्यापासून बनतं. लोखंडी पंपाचं कवच ओततात ती वाळू कणसाच्या दांड्यातून आलेल्या रसायनाने बांधलेली असू शकते, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं मान वर करतात.

दगडातलं आम्ल

आम्ल पाण्यात मिसळतं हीच अडचण असेल, तर त्याला भिंतीला बांधून ठेवलं तर? घन उत्प्रेरक म्हणजे एवढंच. काम झालं की गाळायचं, परत वापरायचं.

असं बांधलेलं आम्ल निसर्गात जवळपास तयार सापडतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत, पुणे, नाशिक, जळगावच्या बाजूला विहिरी आणि खाणी खणताना पांढरे, गुलाबीसर, पंख्यासारखे स्फटिक निघतात. त्यांतले बरेचसे झिओलाइट असतात आणि जगभरच्या संग्रहालयांत आपल्या दख्खनचे नमुने मानाने ठेवलेले आहेत. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ मध्ये अशा एका खनिजाला आंच दिली तेव्हा ते खदखदताना दिसलं, म्हणून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं हे ग्रीक नाव. खदखदत होतं ते त्याच्या अंगातलं पाणी. हा दगड आतून पोकळ असतो, आणि त्या पोकळ्या रेणूच्या मापाच्या असतात.

त्याची चौकट सिलिकॉन आणि ऑक्सिजनची. मधल्या एखाद्या सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की एका विद्युतभाराची तूट पडते. ती भरून काढायला तिथे एक प्रोटॉन आणून बसवता येतो. झालं, भिंतीला बांधलेलं आम्ल! भोकांचं माप ठरलेलं असल्यामुळे आत कोण जाईल आणि बाहेर काय येईल, यावरही लगाम राहतो.

बडोद्याला हे नवं नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि जड तेल तोडून पेट्रोल करण्याच्या तिथल्या विभागात जो उत्प्रेरक फिरतो त्याचा मुख्य घटक झिओलाइटच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झालेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात इथल्याच आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत झायलीन या रसायनासाठी वापरात आला. त्याच्याही आधी, १९०७ मध्ये, टी. के. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेम्बिक कंपनी काढली ती अल्कोहोल आणि टिंक्चर बनवायला. या शहराच्या रसायनउद्योगाची सुरुवात वनस्पतीपासूनच झाली आणि तेल नंतर आलं, हे मला लक्षात ठेवण्याजोगं वाटतं.

तर मग कोयलीतला झिओलाइट उचलून पऱ्हाटीवर टाकायचा का? इथेच खरी गंमत आहे आणि खरी अडचणही.

दगड आणि काडी भेटणार कसे

तेल वाफ होऊन झिओलाइटच्या भोकांत शिरतं. पऱ्हाटी वाफ होत नाही, विरघळत नाही. एक घन पदार्थ दुसऱ्या घन पदार्थाशेजारी ठेवला तर दोघं टोकाटोकांवर भेटतील, तेवढंच. आम्ल दगडाच्या आत, सेल्युलोज काडीच्या आत. हा प्रश्न सोडवण्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे.

जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात अत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे यांनी २००६ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. सेल्युलोज पाण्यात घातलं, सोबत ॲल्युमिनावर बसवलेलं प्लॅटिनम, हायड्रोजनचा दाब आणि १९० अंश सेल्सिअस तापमान. चोवीस तासांनी सुमारे ३१ टक्के सेल्युलोजचे साखरी अल्कोहोल झालेले होते, त्यात मुख्य सॉर्बिटॉल. टूथपेस्टमध्ये ओलावा धरून ठेवतं आणि ज्यापासून क जीवनसत्त्व बनवतात तेच हे सॉर्बिटॉल.

१९० अंशांना दाबाखाली द्रव राहिलेलं पाणी स्वतःच किंचित आम्लासारखं वागू लागतं. ते सेल्युलोजच्या जुडीतून लहान लहान तुकडे मोकळे करतं. हे तुकडे विरघळतात, उत्प्रेरकापर्यंत पोचतात, तिथे त्यांचं ग्लुकोज होतं. म्हणजे दगडाने काडीकडे जायचं नाही, पाण्याने निरोप्याचं काम करायचं. पण त्या तापमानात ग्लुकोज टिकत नाही, आमच्या पाकासारखं करपू लागतं. प्लॅटिनम त्याच क्षणी त्याला हायड्रोजन देऊन सॉर्बिटॉल करून टाकतं आणि सॉर्बिटॉल त्या उष्णतेतही शाबूत राहतं. सासूबाई गॅस बंद करतात, तेच इथे प्लॅटिनम करतं. ढेप्यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत घन आम्लांनी हेमिसेल्युलोज तोडण्यावरही काम केलं.

दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, चीनमधल्या दालियानच्या गटाने प्लॅटिनम बाजूला ठेवून निकेल लावलेलं टंगस्टन कार्बाइड वापरलं आणि सेल्युलोजपासून थेट एथिलीन ग्लायकॉल मिळवलं, तेही ६१ टक्क्यांपर्यंत. हे ग्लायकॉल म्हणजे पॉलिएस्टरचा अर्धा भाग. सुरतेच्या मागांवर जो कृत्रिम धागा चालतो त्याच्या रेणूंतली प्रत्येक दुसरी कडी. या क्रियेचा हिशोब मला फार आवडतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून इथेनॉल केलं तर जास्तीत जास्त ९२ ग्रॅम मिळतं, बाकीचे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. त्याच १८० ग्रॅमांचं एथिलीन ग्लायकॉल केलं तर कागदावर १८६ ग्रॅम होतं. झाडाने जमवलेला ऑक्सिजन आपण फेकत नाही, विकतो. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. दिवसाला १०० किलोलिटर क्षमता, तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं, आणि साखळी तोडणारे उत्प्रेरक म्हणजे एन्झाइम. तो कारखाना हवाच. पण पेंढ्याला नुसतं इंधन समजणं म्हणजे सागाचं लाकूड बंबात घालण्यासारखं आहे, असं माझं मत आहे.

आणखी एक उपाय गिरणीचा. काडीची भुकटी आणि उत्प्रेरक, आत कठीण गोळे फिरतात अशा गिरणीत एकत्र दळले की सेल्युलोजची जुडी विस्कटते आणि दोघांची गाठही पडते. प्रयोगशाळेत निकाल छान येतात. विजेचं बिल मात्र गिरणीवाल्याला विचारावं.

पाकातला मोलाचा पदार्थ

आता सुरुवातीचं वचन. पाकातला तो पदार्थ म्हणजे हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल, प्रयोगशाळेत म्हणतात तसं एचएमएफ. फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू निघाले की हे होतं. मध तापवला तर त्यातही वाढतं, म्हणून मधाच्या तपासणीत ते मोजतात. किलोमागे ४० मिलिग्रॅम ही आंतरराष्ट्रीय मर्यादा, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. मधात नको असलेला हाच पदार्थ रसायनउद्योगाला हवा आहे. त्याचं ऑक्सिडीकरण केलं की एक आम्ल मिळतं आणि त्या आम्लापासून पीईटीच्या बाटलीला पर्याय होईल असं प्लास्टिक बनतं, पीईएफ नावाचं. त्यातून ऑक्सिजन आत शिरायला पीईटीपेक्षा बराच जास्त अडथळा होतो. नेदरलँड्समधल्या अव्हांटियम कंपनीने त्यासाठी डेल्फझाइलला कारखाना उभारला. त्याची साखर गव्हाच्या स्टार्चची आहे, काडीची नाही, हे लक्षात ठेवावं.

काडीतून येतो ग्लुकोज आणि एचएमएफ सहज होतं फ्रुक्टोजपासून. मध्ये एक पायरी आहे. ती चढायला २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने बीटा नावाच्या झिओलाइटमध्ये ॲल्युमिनियमऐवजी कथील बसवलं. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तेच कथील. बीटाची भोकं साखर आत जाईल इतपत रुंद असतात. आत कथिलाचा अणू साखरेच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो आणि एक हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर सरकतो, बस. ११० अंशांवर अर्ध्या तासात सुमारे ३१ टक्के फ्रुक्टोज, तेही भर पाण्यात.

पुढे फ्रुक्टोजचं एचएमएफ करताना पुन्हा तोच पेच, थांबायचं कसं? एचएमएफ पाण्यात रेंगाळलं तर पाण्याचे दोन रेणू परत घेऊन लेव्ह्युलिनिक आम्ल आणि फॉर्मिक आम्लात फुटतं, किंवा एकमेकांना चिकटून तपकिरी-काळा राळ होतो. त्याला ह्युमिन म्हणतात, आणि करपलेल्या पातेल्याच्या तळाशी त्याचाच सख्खा भाऊ बसलेला असतो. यावरची युक्ती ताकातून लोणी काढण्यासारखी. पाण्यावर एक न मिसळणारा द्रावक ठेवायचा. एचएमएफ तयार झालं की ते वरच्या थरात जातं आणि पाण्यातल्या आम्लापासून सुटतं.

राख आणि पाणी

वर्तमानपत्रांत प्रयोगशाळेच्या बातम्या येतात त्यात हा भाग नसतो, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

कोयलीसारख्या ठिकाणी झिओलाइट ५०० अंशांच्या तेलाच्या वाफेत काम करतो, मग अंगावर बसलेला कोळसा जाळायला ७०० अंशांच्या भट्टीत जातो आणि पुन्हा कामाला लागतो. इतका चिवट. तोच वाय जातीचा झिओलाइट २०० अंशांच्या द्रव पाण्यात ठेवला तर काही तासांत त्याची चौकट ढासळते. वाफेला पुरून उरतो आणि गरम पाण्यात विरघळतो! झेडएसएम-५ हा दुसरा झिओलाइट जास्त टिकतो, पण त्याची भोकं अर्ध्या नॅनोमीटरची, साखरेला अरुंद. तेलासाठी साठ-सत्तर वर्षांत जे शिकलो ते पाण्यासाठी बरंचसं नव्याने शिकावं लागतंय.

दुसरी अडचण आपल्या आज्यांना ठाऊक होती. त्या चुलीतल्या राखेने भांडी घासत, कारण राख क्षारयुक्त असते, तेलकटपणा कापते. तो क्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम आणि ते पऱ्हाटीच्या अंगात असतंच. पाण्यात उतरलेलं पोटॅशियम दगडातल्या प्रोटॉनला उठवून त्याच्या जागी बसतं. आम्ल गेलं, उत्प्रेरक मेला. ह्युमिनचा थर जाळून काढता येतो, पण राख जाळून जात नाही, ती जळून उरलेलीच वस्तू आहे. मग आधी काडी धुवायची, किंवा उत्प्रेरक परत आम्लाने धुवायचा. शुद्ध सेल्युलोजवर मिळालेला आकडा शेतातल्या काडीवर का मिळत नाही, याचं मोठं कारण हे आहे.

तिसरी अडचण साधी वाटते. क्रिया संपल्यावर भांड्यात उत्प्रेरकाची पूड आणि न तुटलेली काडी, दोन्ही गाळ म्हणून खाली बसतात. गाळून काय वेगळं करणार? कोणी उत्प्रेरकाच्या पोटात लोहचुंबकाला ओढला जाणारा आयर्न ऑक्साइड ठेवतात आणि चुंबकाने बाहेर काढतात. मला दुसरी वाट जास्त पटते. आधी गरम पाण्याने किंवा द्रावकाने जेवढं विरघळेल तेवढं काढून घ्यावं आणि तो स्वच्छ द्रव घन उत्प्रेरकाने भरलेल्या नळीतून सोडावा. बाजारात आज घन उत्प्रेरक जिथे पाय रोवून उभे आहेत तिथे बहुतेक असंच चित्र आहे. फरफ्युरालचं फरफ्युरिल अल्कोहोल करायला तांब्याचा घन उत्प्रेरकच वापरतात, कारण तिथे कच्चा माल स्वच्छ असतो. जुन्या उत्प्रेरकात तांब्याबरोबर क्रोमियम असतं, ते घातक, म्हणून त्याला काढून टाकण्याची खटपट चालू आहे.

लिंपणाबद्दल, म्हणजे लिग्निनबद्दल, थोडक्यात. ते जबरदस्तीने ओरबाडून काढलं की पुन्हा स्वतःला घट्ट चिकटून बसतं, मग जाळण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून आता काही गट आधी लिग्निन सोडवतात आणि सुटता सुटताच धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन त्याला शांत करतात. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटाने २०२० मध्ये बर्चच्या लाकडातल्या लिग्निनपासून, लिग्निनच्याच वजनाच्या हिशोबाने, २० टक्के फिनॉल आणि ९ टक्के प्रोपिलीन काढून दाखवलं. आणि नॉर्वेत स्प्रूसच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन कधीपासून विकलं जातंय, आइस्क्रीममध्ये असतो तोच वास.

पादऱ्याला परत

हे सगळं मी मामांना माझ्या परीने सांगितलं. त्यांनी पाक, खराटा, राख सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग हिशोबाला बसले. पऱ्हाटी हलकी आणि फोफाट. ट्रॉली भरते ती हवेनेच. डभोईची गायकवाडी रेल्वे १८६२ मध्ये बैलांनी ओढायला सुरुवात झाली तेव्हापासून या भागात माल वाहून नेण्याचा खर्च हाच व्यापाराचा पहिला प्रश्न आहे. त्यामुळे कुट्टी शेताजवळच करावी लागेल, एवढं दोघांनाही पटलं.

मग मी राखेचं म्हणाले. मुळाला माती लागते, मातीत वाळू, ती उत्प्रेरकाला नको. मुळं कापून नुसत्या काड्या बांधता येतील का?

"उपटायची मुळासकटच, नाहीतर खोडवा फुटतो आणि अळीला घर मिळतं," मामा म्हणाले. "मग कापायला वेगळा माणूस लावावा लागेल. आधी एवढं सांग, राख मुळातच जास्त असते की काडीतसुद्धा तेवढीच?"

प्रश्न अगदी बरोबर होता. निघताना मी बांधावरून पाच पऱ्हाट्या गाडीच्या मागच्या सीटवर आडव्या टाकल्या. प्रत्येकीचं मूळ, मधला भाग आणि शेंडा वेगळा कापून, अर्धे नुसते वाळवून आणि अर्धे पाण्याने धुऊन वाळवून, जाळून राख तोलायची आहे. महाविद्यालयातली भट्टी बुधवारी मोकळी मिळणार आहे.